पोरं आणि जुनेजाणते: बेसबॉलचा रोस्टर कुठे चुकतो आणि कसा जमवायचा

अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलच्या नियमांवर चालणारी सिम्युलेशन लीग खेळणारे घ्या, नाहीतर आवडत्या क्लबचा पुढच्या हंगामाचा रोस्टर (खेळाडूंची यादी) एक्सेलमध्ये मांडणारे घ्या. नोव्हेंबरात जवळजवळ सगळ्यांची शीट सारखीच दिसते. वर आठ-नऊ नावाजलेली नावं, मागे बाकावर तीन-चार हुशार पोरं, आणि शेवटी ‘थोडा अनुभव हवा’ म्हणून टाकलेले दोन पस्तिशीचे गडी. कागदावर छान वाटतं. मग मे महिन्यात शॉर्टस्टॉपची (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या फील्डरची) मांडी आखडते. बाकावरच्या पोराला सहा आठवड्यांत पन्नास वेळाही बॅट हातात मिळालेली नसते, आणि ट्रिपल-एमधून (मेजर लीगच्या लगेच खालच्या पायरीवरून) वर बोलवावं असं कुणी उरलेलं नसतं.

खेळाडू बहुतेकांना बरोबर ओळखता येतात. गोंधळ क्रमात होतो: आधी नावं, मग जागा, आणि नियम सगळ्यांत शेवटी. इथे मी तो क्रम उलटा घेतोय. पोराला रोजचा खेळ लागतो, जुन्याला जागा लागते. पोर बाकावर बसलं की गंजतं, आणि जुन्याला मायनर लीगमध्ये (मेजरखालच्या लीगमध्ये) ठेवलं की तो निघून जातो. पुढची सगळी मांडणी एवढ्यावर उभी आहे.

## तयारी: नावं लिहिण्याआधीची शीट

प्रत्येक खेळाडूसमोर हे रकाने करा: वय, सर्व्हिस टाइम (मेजर लीगमध्ये काढलेला काळ), उरलेले ऑप्शन (मायनर लीगमध्ये सहज पाठवता येण्याची वर्षं), कोणत्या हाताने खेळतो, गेल्या दोन वर्षांत प्रत्यक्ष खेळलेल्या जागा, गेल्या वर्षीच्या पाळ्या किंवा इनिंग, आणि कराराची उरलेली वर्षं. (बॅटर प्लेटवर एकदा आला की ती एक पाळी, असं मी इथे म्हणतो.)

‘प्रत्यक्ष’ हा शब्द मुद्दाम घातलाय. तीन वर्षांपूर्वी सेंटर फील्डला अकरा सामने खेळलेला माणूस आज सेंटर फील्डर नसतो.

सर्व्हिस टाइम लिहिताना एक बारीक सापळा आहे. तो ‘वर्षं.दिवस’ असा लिहितात. २.१०१ म्हणजे २ वर्षं १०१ दिवस. हा दशांश नाही. ९८ दिवसवाल्याला २.९८ लिहून शीट सॉर्ट केली, की तो १०१ दिवसवाल्याच्या पुढे जातो. मी एका हंगामात हा घोळ घातला आणि पगाराच्या लवादाला कोण पात्र आहे याची अख्खी यादी चुकवली. दिवस नेहमी तीन आकडी लिहा: २.०९८. आणि १७२ दिवस भरले की एक वर्ष, ३६५ नव्हे.

मग तीन आकडे शीटच्या माथ्यावर लिहून ठेवा: ४०, २६, १३. चाळीस जणांचा विस्तारित रोस्टर, सव्वीस जणांचा खेळता रोस्टर, आणि त्या सव्वीसांत जास्तीत जास्त तेरा पिचर.

> आधी हे बघा: खालचे नियम क्लब आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या २०२२ च्या सामूहिक करारातले आहेत. तो करार १ डिसेंबर २०२६ ला संपतो. त्यानंतरचा रोस्टर मांडत असाल तर आकडे नव्याने तपासून घ्या.

## टप्पा १: आधी चाळीस, मग सव्वीस

सुरुवात चाळिसांपासून करा, कारण तिथली तारीख सगळ्यांत आधी येते. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत ठरवावं लागतं की कोणत्या प्रॉस्पेक्टला (होतकरू पोराला) चाळिसांत घेऊन ‘रूल ५’ ड्राफ्टपासून वाचवायचं. अठराव्या वर्षी किंवा त्याआधी सही केलेल्याला पाच हंगाम मिळतात, एकोणीस किंवा जास्त वयात सही केलेल्याला चार. त्यानंतर तो उघड्यावर येतो. दुसरा क्लब १,००,००० डॉलर भरून त्याला उचलू शकतो. अट एकच, पुढचा अख्खा हंगाम त्याला मेजर लीगच्या रोस्टरवर ठेवायचं. नाही जमलं तर जुन्या क्लबला ५०,००० डॉलरला परत देऊ करावं लागतं.

इथे दोन्ही बाजूंनी चुका होतात. न वाचवण्याची चूक सगळ्यांना ठाऊक असते. २०२० च्या ड्राफ्टमध्ये यँकीजकडून सुटलेला गॅरेट व्हिटलॉक रेड सॉक्सने उचलला, आणि २०२१ मध्ये त्याने बुलपेनमधून (राखीव पिचरांच्या ताफ्यातून) १.९६ च्या ईआरएने (दर नऊ इनिंगमागे दिलेले रन) ७३ इनिंग टाकल्या. कोपरावर शस्त्रक्रिया झालेला, डबल-एच्या (ट्रिपल-एखालच्या पायरीच्या) वर न खेळलेला पिचर कोण घेणार, असा विचार करणं सोपं असतं. पण बुलपेनच्या कोपऱ्यात एक पिचर वर्षभर लपवता येतो. शॉर्टस्टॉप लपवता येत नाही. म्हणून शेवटच्या जागेसाठी बरोबरीच्या दोघांत अडलात तर पिचरला वाचवा.

उलटी चूक कमी दिसते, पण महाग पडते. घाबरून वीस वर्षांच्या, सिंगल-एमधल्या पोराला चाळिसांत घेतलं, की त्याच्या ऑप्शनचं घड्याळ चालू होतं. प्रत्येक खेळाडूला साधारण तीन ऑप्शन वर्षं मिळतात. चाळिसांत असताना हंगामात वीस किंवा जास्त दिवस मायनर लीगमध्ये काढले की त्यातलं एक खर्च. पोर तेविसाव्या वर्षी तयार होतं तेव्हा ऑप्शन शून्य! तेव्हा त्याला जागा द्या, नाहीतर वेव्हरवर (बाकी क्लबांना उचलायला मोकळा ठेवून) गमवा. इतक्या कच्च्या प्रॉस्पेक्टला रूल ५ मध्ये सहसा कुणी उचलत नाही, कारण सहा महिने त्याला सव्वीसांत ठेवणं कुणालाच परवडत नाही.

तपासा: चाळिसांत निदान एक जागा मोकळी आहे का? एप्रिलमध्ये वेव्हरवर बरे खेळाडू येतात. हात भरलेले असतील तर नुसतं बघत बसावं लागतं.

## टप्पा २: कोण हलतो, कोण हलत नाही

आता नावांचे तीन गठ्ठे करा.

1. सहज हलणारे: ऑप्शन शिल्लक आहेत, खाली पाठवता येतात.
2. वेव्हरवाले: ऑप्शन संपले आहेत. खाली पाठवायचं तर आधी बाकी सगळ्या क्लबांसमोर ठेवावे लागतात.
3. नाही म्हणू शकणारे: पाच वर्षं सर्व्हिस टाइम झालेले. संमतीशिवाय खाली जात नाहीत.

सव्वीसांतले किती जण पहिल्या गठ्ठ्यात आहेत ते मोजा. माझा हिशेब असा: आठ रिलीव्हरांपैकी (स्टार्टरनंतर येणाऱ्या पिचरांपैकी) किमान तीन आणि बाकावरच्या चारांपैकी किमान एक हलणारा हवा. बुलपेनमध्ये सहा जण न हलणारे असतील, तर लागोपाठ दोन दिवस स्टार्टर (सामना सुरू करणारा पिचर) तिसऱ्या इनिंगमध्ये बाहेर पडल्यावर ताजा हात आणायचा कुठून? कुणाला तरी ‘डेझिग्नेट’ करावं (चाळिसांतून काढावं) लागतं, आणि मग सात दिवसांत त्याचा ट्रेड, वेव्हर नाहीतर सुट्टी. अशाने जूनपर्यंत तुमचा राखीव माल दुसऱ्यांच्या बुलपेनमध्ये दिसायला लागतो.

हलणारा म्हणजे रबरी चेंडू मात्र नाही. एका हंगामात एका खेळाडूला पाचदाच ऑप्शनवर पाठवता येतं, सहाव्यांदा वेव्हर. खाली गेलेला बॅटर दहा दिवस आणि पिचर पंधरा दिवस परत आणता येत नाही, फक्त जखमी खेळाडूच्या बदली आणायचा असेल तर सूट मिळते.

> सावधान: मार्चच्या शेवटी ‘ऑप्शन संपलेला’ आणि ‘जास्त चांगला’ यांत निवड करायची वेळ येते. फरक थोडा असेल तर ऑप्शन संपलेल्याला ठेवा आणि दुसऱ्याला ट्रिपल-एला पाठवा. दोघंही हातात राहतात. फरक मोठा असेल तर हा नियम विसरा.

## टप्पा ३: जागा मोजू नका, पाळ्या मोजा

सगळ्यांत जास्त वेळ या टप्प्याला द्या.

१६२ सामन्यांत एका संघाला साधारण ६,१०० पाळ्या मिळतात. नऊ जागांनी भागलं तर प्रत्येकी ६८० च्या आसपास. बॅटिंग क्रमात पहिल्याला साडेसातशेच्या घरात, नवव्याला सहाशे. एवढ्या पाळ्या एक-एक करून वाटा. ‘सेकंड बेस: अमुक’ असं लिहून पुढे जाऊ नका, ‘सेकंड बेस: अमुक ५३०, तमुक १४०’ असं लिहा.

एक उदाहरण सोडवून बघू. सेकंड बेसवर बावीस वर्षांचं, डाव्या हाताने बॅटिंग करणारं पोर आहे. सोबत तेहतीस वर्षांचा, उजव्या हाताचा, इन्फील्डमध्ये तीन जागा खेळणारा गडी. दर दहा स्टार्टरांत साधारण सात उजव्या हाताचे असतात. म्हणजे पोराला ११३ सामने सरळ मिळाले. डाव्या हाताच्या पिचरांसमोरचे उरलेले ४९ सामने सगळे जुन्याला देऊन टाकायचा मोह होतो. देऊ नका, त्यातले पंधरा पोरालाच द्या. डावखुऱ्याचा स्लायडर मेजर लीगमध्ये बघितल्याशिवाय तो खेळता येणार कसा? झाले १२८ सामने, पाळ्या ५३० च्या वर. जुन्याला इथे १४०, थर्ड बेस आणि शॉर्टस्टॉपच्या विश्रांतीच्या दिवशी आणखी शंभर. दोनशेचाळीस पाळ्यांत तो खूश असतो, कारण त्याच्या करारात ते गृहीत धरलेलं असतं.

आता याच हिशेबात पोराच्या नावापुढे २०० आलं असतं तर? मग त्याची जागा ट्रिपल-ए. माझी रेघ ४५०. अख्ख्या हंगामाच्या मानाने साडेचारशेपेक्षा कमी पाळ्या दिसत असतील, तर प्रॉस्पेक्ट वर ठेवू नका, मग तो कितीही तयार असो. अपवाद कॅचरचा. कॅचिंगचा भार एकट्यावर टाकता येत नाही. पहिला कॅचर ११० ते १२० सामने धरला तर दुसऱ्याला चाळीसवर सामने राहतात, आणि त्या जागी पिचरांशी जुळवून घेणारा मुरलेला कॅचरच बरा. माझ्या लीगमध्ये मी एकदा तिथे तेवीस वर्षांचा कॅचर बसवला. हंगामाअखेर त्याची बॅटही पुढे सरकली नाही आणि ग्लोव्हही नाही.

बाकावरच्या चार जागा अशा: दुसरा कॅचर, खरंच शॉर्टस्टॉप खेळू शकणारा इन्फील्डर, खरंच सेंटर फील्ड खेळू शकणारा आउटफील्डर, आणि एक बॅट. पहिल्या तीन जागांवर मुरलेले गडी ठेवा. चौथी जागा हलणाऱ्याची.

पिचिंगचा हिशेब. संघाला हंगामात साधारण १,४४० इनिंग टाकाव्या लागतात. पाच स्टार्टरांनी प्रत्येकी १६० टाकल्या (असं क्वचितच घडतं), तरी ८०० च होतात. म्हणून स्टार्टरांची यादी पाचवर थांबवू नका, नऊ-दहा नावं लिहा. त्यातले सहावा, सातवा आणि आठवा ट्रिपल-एमध्ये, ऑप्शन शिल्लक असलेले हवेत. तरुण पिचरच्या इनिंग किती वाढवाव्यात यावर एकमत नाही. मी गेल्या वर्षीच्या आकड्यावर तीस-चाळीसच धरतो.

ती मर्यादा कधी वापरायची यावर जास्त डोकं लावा. २०१२ मध्ये नॅशनल्सने स्टीफन स्ट्रासबर्गला १५९⅓ इनिंगवर सप्टेंबरात थांबवलं. संघ प्लेऑफमध्ये गेला, तो बसून राहिला, आणि पहिल्याच मालिकेत कार्डिनल्सकडून हरले. मर्यादा घालायचीच असेल तर विश्रांती एप्रिल-मे आणि जुलैच्या ब्रेकच्या आसपास वाटून द्या, त्या सुरुवाती सहाव्या-सातव्या स्टार्टरला द्या. ऑक्टोबरसाठी इनिंग आधीच बाजूला काढून ठेवा.

## टप्पा ४: जुनेजाणते निवडताना

आता नावं. ‘ड्रेसिंग रूममध्ये वजन आहे’ हे कारण दुसऱ्या क्रमांकाचं. त्याच्या अंगात अजून एक तरी काम शिल्लक हवं: डावखुऱ्यांना मारणं, सेंटर फील्ड झाकणं, सहा इनिंग खेचणं. गेल्या वर्षीची सरासरी बघून भुलू नका. स्ट्राइकआउटचं प्रमाण चढतंय का, धावण्याचा वेग किती उतरला, फास्टबॉलवर बॅट उशिरा येतेय का, हे आधी दिसतं. सरासरी वर्षभराने कोसळते.

कराराची मुदत एक वर्ष. पोर दीड वर्षात येणार असेल त्या जागेवर तीन वर्षांचा करार देणं म्हणजे आपल्याच दारात गाडी आडवी लावणं.

सगळ्यांत स्वस्त राखीव फळी म्हणजे मायनर लीग करार आणि स्प्रिंग ट्रेनिंगचं आमंत्रण. २०२३ मध्ये ट्रॅव्हिस जंकोव्स्की रेंजर्सकडे असाच आला. वर्ल्ड सिरीजच्या तिसऱ्या सामन्यात अडोलिस गार्सियाचा कुशीचा स्नायू दुखावला आणि तो रोस्टरबाहेर गेला. चौथ्या सामन्यात जंकोव्स्की राइट फील्डला उतरला, दोन हिट मारल्या, डबलवर (दुसऱ्या बेसपर्यंत नेणाऱ्या हिटवर) दोन रन आत आणले. रेंजर्स ११-७ ने जिंकले.

या करारांना तारखा असतात, त्या शीटमध्ये लिहा. सहा वर्षं सर्व्हिस टाइम असलेले आणि मागचा हंगाम मेजर लीगच्या रोस्टरवर किंवा जखमींच्या यादीत संपवलेले फ्री एजंट (कोणत्याही क्लबशी करार करायला मोकळे खेळाडू) मायनर लीग करारावर आले, तर त्यांना हंगाम सुरू होण्याच्या पाच दिवस आधी, १ मे आणि १ जून या तीन मुक्कामांवर करार सोडता येतो. १ जूनला तुमचा ट्रिपल-एमधला भरवशाचा गडी अचानक का गेला, याचं उत्तर बहुतेक वेळा इथे असतं.

> सावधान: जुन्यांवर पाया उभारू नका. २०२५ साठी ओरिओल्सने रोटेशनमध्ये (आळीपाळीने खेळणाऱ्या स्टार्टरांत) ४१ वर्षांचा चार्ली मॉर्टन १.५ कोटी डॉलरला आणि ३५ वर्षांचा तोमोयुकी सुगानो १.३ कोटी डॉलरला घेतला. ग्रेसन रॉड्रिग्ज दुखापतीने अख्खा हंगाम बाहेर राहिला आणि राखीव म्हणून शोभले असते त्यांच्यावर मुख्य भार आला. २०२४ मध्ये ९१ सामने जिंकलेला संघ ७५ वर आला. कारणं इतरही होती, पण क्रम लक्षात घ्या: चौथा-पाचवा स्टार्टर म्हणून जुना चालतो, पहिला-दुसरा म्हणून नाही.

## टप्पा ५: पोराला वर कधी आणायचं

चार प्रश्न विचारा. चारही उत्तरं ‘हो’ हवीत.

- रोज खेळायला जागा आहे?
- ट्रिपल-एमध्ये पिचरांनी त्याला दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा बघितल्यावरही तो टिकलाय?
- चाळिसांत जागा आहे, की कुणाला तरी काढावं लागेल?
- तो अडखळला तर किती पाळ्या थांबायचं, हे आधी ठरलंय?

चौथा प्रश्न लोक गाळतात. जॅक्सन हॉलिडे १० एप्रिल २०२४ ला वीस वर्षांचा असताना वर आला. दहा सामन्यांत ३४ ॲट-बॅटमध्ये (वॉक वगैरे वगळून मोजलेल्या पाळ्यांत) दोन हिट, आणि २६ एप्रिलला परत खाली. ३१ जुलैला तो पुन्हा आला आणि त्याच दिवशी पहिला होमर मारला, तोही ग्रँड स्लॅम (तिन्ही बेस भरलेले असताना मारलेला). चौतीस ॲट-बॅटवरून खेळाडूबद्दल काहीच कळत नाही. मी आणण्याआधीच शीटमध्ये लिहितो: ‘१२० पाळ्यांपर्यंत हात लावायचा नाही.’ त्या काळात जुन्याला आठवड्यातून दोन दिवस द्यायचे, पोराला बाकावरून खेळ बघू द्यायचा. असा बसलेला दिवस कामाचा असतो, कारण उद्या आपलं नाव लागणार हे त्याला ठाऊक असतं.

सर्व्हिस टाइमचा खेळ: हंगाम साधारण १८७ दिवसांचा, वर्ष १७२ चं. म्हणून दोन-तीन आठवडे उशिरा आणलं तर फ्री एजन्सी एक वर्ष पुढे जाते. २०१५ मध्ये कब्जच्या क्रिस ब्रायंटचे १७१ दिवस भरले, एक कमी. त्याची तक्रार पुढे फेटाळली गेली. पण २०२२ पासून हा डाव तितका फायद्याचा उरलेला नाही. रुकी ऑफ द इयरच्या (वर्षातल्या सर्वोत्तम नवख्याच्या) मतदानात पहिल्या दोनांत आलेल्याला पूर्ण वर्ष मिळतं. पॉल स्कीन्स ११ मे २०२४ ला आला, तरी पुरस्कार जिंकून त्याने वर्ष मिळवलंच. उलट नावाजलेला प्रॉस्पेक्ट सुरुवातीपासून खेळवला आणि तो गाजला, तर क्लबला जादा ड्राफ्ट पिक मिळू शकतो. २०२२ मध्ये हुलिओ रॉड्रिगेझमुळे मरिनर्सना तसा मिळाला. पोर तयार असेल तर दिवस चोरू नका.

## टप्पा ६: दहा दिवस आणि साठ दिवस, उत्तरं दोन

प्रत्येक जागेसमोर दोन नावं लिहा: ‘हा दहा दिवस गेला तर कोण?’ आणि ‘हा दोन महिने गेला तर कोण?’ दोन्हीकडे एकच नाव आलं असेल तर बहुतेक वेळा तुम्ही चुकलात.

दहा दिवसांसाठी बाकावरचा नाहीतर ट्रिपल-एमधला मुरलेला गडी. बारा दिवसांसाठी सगळ्यांत मोठा प्रॉस्पेक्ट आणलात, तर लय मोडते, ऑप्शनच्या पाच खेपांतली एक जाते, आणि खाली परतताना तो उदास असतो. दोन महिन्यांसाठी मात्र प्रॉस्पेक्टच आणा. इथेच लोक घाबरून जुन्याला रोज खेळवतात, आणि दोनशेचाळीस पाळ्यांचा माणूस पाचशेचा झाला की ऑगस्टमध्ये त्याची बॅट दिसेनाशी होते.

जखमी खेळाडू साठ दिवसांच्या यादीत गेला की चाळिसांत जागा मोकळी होते. पण तो परतला की ती परत द्यावी लागते. त्या दिवशी कोण जाणार, हे आजच लिहा.

## टप्पा ७: हंगामातल्या फेरतपासण्या

१ मे, १ जून. करार सोडण्याच्या तारखा. कुणाला वर घ्यायचं, कुणाला जाऊ द्यायचं.

जुलैअखेर. ट्रेडची मुदत. २०१९ पासून ऑगस्टमधले वेव्हर ट्रेड बंद आहेत, त्यामुळे हीच शेवटची संधी. राखीव फळी या वेळी स्वस्तात मिळते. २०२१ मध्ये ब्रेव्ह्जचा रोनाल्ड अकुन्या ज्युनियर १० जुलैला गुडघ्याने गेला. त्यांनी जॉक पीडरसन, ॲडम डुव्हॉल, एडी रोसारिओ आणि होर्हे सोलेर असे चार आउटफील्डर आणले, पहिल्या फळीतला प्रॉस्पेक्ट न देता. रोसारिओ तर तेव्हा जखमी यादीत होता. त्याच्या बदल्यात उतरणीला लागलेला पाब्लो सँडोव्हल गेला. पुढे रोसारिओ नॅशनल लीग चॅम्पियनशिप मालिकेचा आणि सोलेर वर्ल्ड सिरीजचा एमव्हीपी झाला.

३१ ऑगस्ट. प्लेऑफसाठी पात्र व्हायचं तर या दिवसापर्यंत खेळाडू तुमच्या संस्थेत हवा. सव्वीसांतच हवा असं नाही.

१ सप्टेंबर. रोस्टर २८ चा होतो, पिचर जास्तीत जास्त १४. दोन जादा जागांपैकी एक सहसा पिचरला जाते. दुसरी देताना, ऑक्टोबरमध्ये खेळू शकेल असं पोर कोणतं, एवढाच प्रश्न विचारा. रेंजर्सनी २१ वर्षांच्या इव्हान कार्टरला ८ सप्टेंबर २०२३ ला आणलं, गार्सिया गुडघ्याच्या दुखापतीने बसला म्हणून. कार्टर लेफ्ट फील्डमध्ये टिकला आणि त्या पोस्टसीझनमध्ये त्याने नऊ डबल मारले, जो एका पोस्टसीझनमधला विक्रम आहे. प्लेऑफ सुरू झाल्यावर आकडा पुन्हा २६ वर येतो, त्यामुळे कोणती दोन नावं खोडायची तेही सप्टेंबरच्या शीटमध्येच पेन्सिलने लिहून ठेवा.